गोव्यात कुंड्या आत घ्यायच्या त्या मृगाआधी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझ्याकडून काही सुटणार नाही. तीन वर्षांपूर्वी तुम्ही पुण्याहून पर्वरीला राहायला आलात. गच्चीवर आणि दोन बाल्कन्यांत मिळून अकरा कुंड्या आहेत: तीन अ‍ॅडेनियम, दोन बोगनवेली, एक चाफा, दोन जास्वंदी, मोगरा, अनंत आणि अबोली. थंड देशांतले लोक उष्ण प्रदेशातली झुडपं हिवाळ्यात घरात कशी जपतात, ते तुम्ही व्हिडिओंत पाहिलंत. मग गेल्या नोव्हेंबरात सगळ्या कुंड्या छाटून आतल्या खोलीत ठेवल्या आणि पाणी जवळजवळ बंद केलं. फेब्रुवारीत बाहेर काढल्या तेव्हा जास्वंदी उघड्याबोडक्या झाल्या होत्या, त्यांच्यावर पांढरा पिठ्या ढेकूण होता आणि अनंताची निम्मी पानं गळली होती. त्यातून सावरलेली झाडं पावसात गच्चीवर राहिली आणि जुलैत तीनपैकी दोन अ‍ॅडेनियम बुंध्यापासून कुजली; उरलेलं एक आता पूर्वेच्या बाल्कनीत आहे. आता ऑक्टोबर लागला आहे. तुम्ही विचारता, यंदा थंडीत कुंड्या आत घेताना नेमकं काय चुकवू नये?

यंदा थंडीत एकही कुंडी आत घेऊ नका. गोव्यात नाजूक झुडपांना जपायचा ऋतू पावसाळा आहे. कुंड्या हलवायच्या त्या मृग लागायच्या आधी, आणि त्याही सगळ्या नाहीत. फोंड्याकडे मी गेली सव्वीस वर्षं रोपवाटिका चालवते. थंडीने मेलेलं झुडूप माझ्याकडे एकदाही कुणी आणलेलं नाही. पावसाने कुजलेली मात्र दर ऑगस्टमध्ये पिशव्या भरून येतात.

तुम्ही पाहिलेले व्हिडिओ खोटे नाहीत, त्यांची जागा वेगळी आहे. उष्ण कटिबंधातल्या बहुतेक झुडपांना दहा अंशांच्या खाली त्रास व्हायला लागतो आणि पारा शून्याला टेकला की पेशींतलं पाणी गोठून पेशी फाटतात. लंडनमध्ये डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो. तिथे दोन गोष्टी मिळून झाड मारतात, गारठा आणि अंधार. म्हणून तिथला माळी झाडाला झोपवतो. छाटतो, पाणी तोडतो, गोठणार नाही अशा थंड खोलीत ठेवतो आणि वसंतात हळूहळू उठवतो. व्हर्सायच्या राजवाड्यात 1680 च्या दशकात खास नारंगीच्या झाडांसाठी प्रचंड दालन बांधलं. आजही तिथली झाडं लाकडी पेट्यांसकट ऑक्टोबरात आत जातात आणि मेमध्ये बाहेर येतात. आपल्याकडेही निफाडला पारा उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठी दव गोठल्याची बातमी येते. तिथे कुणी जास्वंद घरात घेतली, तर मी तिला शहाणीच म्हणेन.

पणजीत जानेवारीची सरासरी पहाट एकोणीस-वीस अंशांची असते. सत्तरी-सांगे बाजूला ती दोन-चार अंशांनी उतरते, एवढंच. आपला सर्वांत लहान दिवसही साधारण सव्वाअकरा तासांचा. म्हणजे गारठा नाही आणि अंधारही नाही. अशा वेळी झाड खोलीत ठेवलं तर आपण त्याला फक्त अंधारात ढकलतो. भर उन्हात साधारण एक लाख लक्स प्रकाश असतो आणि आपल्याला लख्ख वाटणाऱ्या खोलीत काही शे लक्स. जास्वंदीला ही उपासमारच आहे. खोलीतल्या उबेमुळे ती झोपत नाही, अन्न तयार करायला ऊन मिळत नाही, साठा संपला की ती पानं टाकते. पिठ्या ढेकणाला तर कोरडी बंद हवा आणि अशक्त झाड एवढंच लागतं. बाहेर त्याला खाणारे भुंगेरे असतात, वारा असतो, सकाळचं दव असतं. खोलीत यातलं काहीच नव्हतं. तुमच्या हाताचा दोष नाही, दुसऱ्या देशाचा उपाय इथे लागू पडला नाही.

आता पावसाकडे येते, कारण खरा जीव तिथे जातो.

पणजीत वर्षाला साधारण 2900 ते 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. वाळपईकडे त्याहून बराच जास्त. मी एकदा हिशेब केला. बारा इंची कुंडीच्या तोंडावर चार महिन्यांत जवळजवळ 200 लिटर पाणी पडतं, आणि त्या कुंडीत माती असते फार तर बारा-पंधरा लिटर. जमिनीतल्या झाडाचं पाणी खाली आणि बाजूला पसरतं. कुंडीतल्या पाण्याला तळाचं एकच भोक. त्यात जुलैत सूर्य दिवसाला सरासरी तीन-चार तासच दिसतो, त्यामुळे पानांतून पाणी उडून जात नाही. माती आठवडेच्या आठवडे गच्च राहते.

गच्च मातीत मुळं बुडून मरतात. मुळांनाही श्वास लागतो आणि पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत दहा हजार पट सावकाश पसरतो. मुळं गुदमरली की त्यांची साल सैल पडते आणि पिथियम, फायटोप्थोरासारख्या बुरशीसदृश रोगांना दार उघडतं. त्यांची बीजं पाण्यात अक्षरशः पोहत जातात. आमच्या कुळागरांत सुपारीला कोळेरोग येतो तो याच फायटोप्थोराच्या घराण्याचा. मग वर पानं माना टाकतात, माणूस म्हणतो झाड तहानलंय आणि ओल्या मातीत आणखी तांब्याभर पाणी ओततो. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की पावसाळ्यात कुणी फोनवर “झाड सुकतंय” म्हटलं, की माझा पहिला प्रश्न असतो: मातीत बोट घालून पाहिलंत का?

माझ्या हातूनही मोठं नुकसान झालं आहे. रोपवाटिकेच्या सुरुवातीच्या वर्षांत साठ अ‍ॅडेनियम मी हिरव्या शेडनेटखाली ठेवली. जाळीने पाऊस मोडतो असं मला वाटत होतं. जाळी थेंब फोडते, पाणी अडवत नाही. वर ती उन्हाचा अर्धा वाटा काढून घेते. एका जुलैत साठातली चाळीसहून जास्त गेली. वाढवायला चार-चार वर्षं लागलेली झाडं होती. पोत्यात भरताना हाताला लागलेला तो मऊ, आंबूस वास अजून आठवतो. तेव्हापासून छप्पर म्हणजे छप्पर. पारदर्शक पत्रा, उतारावर बसवलेला, चारी बाजू उघड्या.

बाजू उघड्या ठेवायचं कारणही सांगते. काही जण झाडाला प्लॅस्टिकची पिशवी घालून खालून बांधून टाकतात. आत घाम धरतो आणि दोन आठवड्यांत पानांवर करडी बुरशी. वरून पाणी नको आणि बाजूने वारा हवा. आमच्या जुन्या घरांत पावसाळ्याआधी पडवीला माडाच्या चुडतांची विणलेली झापं बांधायचे, ती याच शहाणपणाची. झड अडायची पण वारा खेळता राहायचा.

फ्लॅटमध्ये वेगळं छप्पर घालायची गरज बहुधा पडत नाही, दिशा पाहायची. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून पश्चिमेची बाल्कनी जूनपासून भिजते आणि पूर्वेची बरीचशी कोरडी राहते. शिवाय ढग पांगले की सकाळचं ऊन तिथेच येतं. तुमची स्वयंपाकघरामागची बाल्कनी पूर्वेला आहे असं तुम्ही लिहिलं आहे. तीच तुमची पावसाळी खोली. स्वतंत्र घर असेल तर बल्कांव (दारापुढचा छपराखालचा बसायचा ओटा) किंवा पडवी चालते, फक्त कुंडी पागोळ्यांच्या रेषेत नको. कौलांवरून येणारी धार एकाच जागी पडत राहते, माती खणून काढते आणि मुळं उघडी पाडते. छपराच्या आत दोन हात सरका नाहीतर पूर्ण बाहेर राहा.

मात्र पावसाळ्यात सगळ्या झाडांना आत घेणं ही दुसरी चूक ठरेल. आपल्या अकरा कुंड्यांची तीन घराणी आहेत.

अ‍ॅडेनियम हे आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यातलं आणि अरबस्तानातलं झाड. बुंध्याचा फुगीर गड्डा म्हणजे त्याची पाण्याची टाकी. टाकी भरलेली असताना बाहेरही पाणीच पाणी असेल तर ते त्याला सोसत नाही. हे झाड मेच्या शेवटच्या आठवड्यात छपराखाली गेलंच पाहिजे. आत गेल्यावर पाणी अगदीच तोडू नका, कारण पानं असतात आणि उबही असते. दहा-बारा दिवसांनी, माती बोटभर खोलवर कोरडी लागली तर, कडेकडेने थोडं. गड्डा दाबून पाहायची सवय लावा. सगळीकडून सारखा सैल आणि सुरकुतलेला लागला तर झाड तहानलेलं आहे, घाबरू नका. एकाच जागी मऊ, काळपट आणि वास येणारा लागला तर ते कुजणं, आणि त्याच दिवशी हात घालायला हवा.

हात कसा घालायचा तेही सांगते, कारण उरलेल्या तिसऱ्या झाडावर कधीतरी ही वेळ येऊ शकते. झाड कुंडीतून काढा, मुळं धुऊन घ्या. स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने कुजलेला भाग कापा. आतला गाभा एकही तपकिरी ठिपका नसलेला, पांढरा दिसेपर्यंत कापत जायचं. इथे दया दाखवली तर पुढच्या आठवड्यात पुन्हा कापावं लागतं. प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पुसा. जखमेला कॉपर ऑक्सिक्लोराइडची घट्ट पेस्ट लावा आणि झाड आठ-दहा दिवस उलटं, कोरडं ठेवा. पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की जखम सुकत नाही, म्हणून मी अशी झाडं पंख्याखाली टांगते. पंख्याने वाचलेली झाडं माझ्याकडे आज फुलतात. चीक विषारी असतो, हृदयावर परिणाम करणारा. हातमोजे घाला, डोळ्याला हात लावू नका, आणि घरात लहान मूल असेल तर कापलेले तुकडे उघड्यावर टाकू नका.

चाफा अ‍ॅडेनियमच्याच कुळातला, पण स्वभावाने धीट. मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा हा गडी जमिनीत लावला तर आपल्या पावसाला दाद देत नाही. देवळांच्या आवारात कित्येक वर्षं उभे असलेले चाफे आपण पाहतोच. कुंडीत मात्र त्याची मुळं गच्च मातीत बसतात आणि फांदीचं टोक काळं पडत खाली येतं. त्याला अर्धा आसरा द्या. भिंतीलगत, जिथे सरळ पाऊस कमी पडतो अशा जागी. ऑगस्ट-सप्टेंबरात पानांच्या पाठीमागे नारिंगी भुकटी दिसेल, तो तांबेरा. फार औषधं मारत बसू नका. ती पानं काढून कचऱ्यात टाका. डिसेंबरात तो पानं टाकणारच आहे.

बोगनवेल मध्ये कुठेतरी. पावसात मरत नाही, पण लांबच लांब हिरव्या काटेरी फांद्या सोडते आणि फूल एकही देत नाही. लोक म्हणतात, पाऊस आहे तर फुलायला काय झालं? तिला फुलायला कोरड लागते. ती पावसात बाहेर राहू दे, फक्त निचरा पक्का ठेवा.

अनंत, अबोली, जास्वंद ही पावसाची माणसं. यांना आत कोंडू नका. अनंत तर पावसात सर्वांत सुंदर दिसतो. मात्र सततच्या पावसात कुंडीतलं नत्र धुऊन जातं आणि जुनी पानं पिवळी पडतात. उघडीप मिळाली की मूठभर चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत द्या. पेंडीचं पाणी पावसाळ्यात नको, माती आंबते आणि अळ्या होतात. अबोलीला पाणी आवडतं, पण पाय पाण्यात उभे ठेवायला आवडत नाही. तिच्या मुळांना सूत्रकृमींचाही (मातीतल्या अतिसूक्ष्म कृमींचा) त्रास होतो, म्हणून कुंडीत एखादा झेंडू सोबत लावा. झेंडूच्या मुळांतल्या द्रव्यांनी सूत्रकृमींची वाढ दबते.

आता माती. दुकानातली तयार माती बहुधा कोकोपीटची असते. उन्हाळ्यात ते वरदान, पावसाळ्यात स्पंज. आपली लाल माती एकटी वापरली तर कुंडीत विटेसारखी बसते. मी अ‍ॅडेनियम आणि चाफ्यासाठी एक वाटा लाल माती, एक वाटा जुनं शेणखत आणि दोन वाटे जांभ्याची कपची घेते. चिरे तासताना गवंड्यापाशी जो चुरा पडतो तो चाळायचा, धूळ टाकायची आणि हरभऱ्याएवढे खडे ठेवायचे. बांधकाम चालू असलेल्या कुठल्याही जागी विचारलंत तर फुकट मिळतो. त्यात थोडा लोणारी कोळसा. जास्वंद-अनंतासाठी कपची निम्मी करा आणि खत वाढवा.

कुंडीच्या तळाशी दगडांचा थर घालायची पद्धत घरोघरी आहे. निचऱ्यासाठी म्हणून घालतात, उपयोग होत नाही. घरी करून पाहा. भांडी घासायचा नवा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. थेंब थांबेपर्यंत वाट पाहा. आता तोच स्पंज उभा करा, पुन्हा पाणी गळायला लागेल. बारीक मातीच्या तळाशी काही बोटं जाडीचा ओला थर अडकून राहतोच. तो किती जाड असेल हे मातीच्या कणांवर ठरतं, खाली दगड आहेत की नाहीत यावर नाही. दगड घातले की तो ओला थर फक्त वर, मुळांच्या आणखी जवळ सरकतो. भोकावर कौलाचा एक तुकडा पुरे, माती गळू नये म्हणून. बाकीचे कौलाचे तुकडे कुंडीखाली ठेवा, तीन ठिकाणी, म्हणजे भोक लादीला चिकटणार नाही. या एका तीन तुकड्यांच्या कामाने वाचणारी झाडं मी मोजू शकत नाही. डिचोलीच्या कुंभारांची मातीची कुंडी मिळाली तर उत्तम, ती अंगातूनही ओल सोडते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळते.

त्या स्पंजातच दुसरी युक्ती आहे. हवामान खात्याने लाल इशारा दिला आणि मोठी कुंडी हलवणं शक्य नसेल, तर ती आडवी पाडून ठेवा. तोंड पावसाच्या उलट दिशेला. वरून पाणी शिरत नाही आणि आतलं जास्तीचं गळून जातं. तीन-चार दिवस झाडाला काही होत नाही. नवख्या माणसाला हे क्रूर वाटतं, पण गच्चीवरच्या कितीतरी बोगनवेली मी अशाच निभावल्या आहेत.

गोव्यात मे महिन्यात घरोघरी पुरुमेंत भरतो, पावसाळ्याची बेगमी. सुकी मासळी, मीठ, सोलां, मिरच्या. त्याच आठवड्यात कुंड्यांचाही पुरुमेंत करायचा. भोकांतून काडी घालून ती मोकळी आहेत ना पाहायचं. कुंडी बदलायची असेल तर ती एप्रिल-मेमध्येच, कारण जुलैत तुटलेली मुळं सुकत नाहीत, कुजतात. आणि अ‍ॅडेनियम-चाफ्याच्या खोडांवर एक टक्का बोर्डो मिश्रणाची एक फवारणी. कुळागरवाले सुपारीवर पावसाआधी मारतात आणि 40-45 दिवसांनी पुन्हा, तेच हे. घरच्या प्रमाणात एक लिटर पाण्याला 10 ग्रॅम मोरचूद आणि 10 ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही अर्ध्या-अर्ध्या लिटरात वेगवेगळे विरघळवा, प्लॅस्टिकच्या भांड्यात, लोखंडाच्या किंवा पत्र्याच्या नको. मग एकत्र ओता. लोखंडी पातं मिनिटभर बुडवून काढा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, चिमूटभर वाढवा, नाहीतर पानं जळतील. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं.

चवथीच्या सुमारास पाऊस बरेचदा उसंत घेतो. घर आवरताना बायका कुंड्याही बाहेर काढून मांडतात. मग सप्टेंबराचा पाऊस पुन्हा येतो आणि तीन महिने जपलेलं अ‍ॅडेनियम पंधरा दिवसांत जातं. दसऱ्यापर्यंत थांबा. तेव्हाही संध्याकाळी गडगडाटी सरी येतात, पण दुसऱ्या दिवशी ऊन असतं, माती सुकते. शंखी गोगलगायी मात्र पहिल्या पावसापासून रोज रात्री विजेरी घेऊन वेचाव्या लागतात. उघड्या हाताने धरू नका. पिशवी हातात घाला आणि मिठाच्या दाट पाण्यात टाका.

म्हणजे आता, ऑक्टोबरात, तुमचं काम काय? आत असलेलं झाड एकदम गच्चीवर नेऊ नका. चार महिने ढगाखाली वाढलेल्या पानाला ऑक्टोबरचं ऊन भाजून काढतं, पांढरे-तपकिरी चट्टे पडतात आणि ते परत भरत नाहीत. पहिले तीन-चार दिवस फक्त सकाळचं आठ-साडेआठपर्यंतचं ऊन, मग रोज थोडं वाढवत दहा-बारा दिवसांत पूर्ण. थंड देशांतले माळी वसंतात झाडं बाहेर काढताना अगदी हेच करतात. त्यांच्या पद्धतीतून जसाच्या तसा उचलावा असा हा एक भाग.

बोगनवेलीच्या पावसाळी लांब फांद्या आता अर्ध्यावर छाटा. त्यानंतर पाणी कमी करत न्या. पानं किंचित लवायला लागली की मगच द्या. डाळिंब-संत्र्याचे बागायतदार बहार धरायला झाडाला ताण देतात ना, तसाच हा ताण. नत्राचं खत या काळात अजिबात नको. डिसेंबरपासून मेपर्यंत ती तुम्हाला मोजदाद विसरायला लावेल.

थंडीत ज्यांना खरी विश्रांती हवी ती दोनच झाडं, चाफा आणि मोगरा. चाफा डिसेंबर-जानेवारीत पानं टाकून काठ्यांसारखा उभा राहील. मेला असं समजून पाणी घालत बसू नका. नख लावून साल किंचित खरवडा, आत हिरवं असेल तर तो झोपला आहे. बारा-पंधरा दिवसांनी एकदा थोडं पाणी, खत बंद. फेब्रुवारी-मार्चला टोकांना कळ्यांचे गुच्छ दिसतील, तेव्हा पाणी वाढवा. मोगऱ्याचं पाणी तुळशीचं लग्न झालं की हळूहळू तोडा, डिसेंबरात हात-दीड हातावर छाटा, उरलेली पानं काढून टाका. जानेवारीच्या शेवटी वरची माती उकरून शेणखत घाला आणि पाणी सुरू करा. मार्चमध्ये घमघमाट. पण ही झोपही उन्हात, उघड्या हवेत. खोलीत नाही.

जास्वंदीला झोप नकोच. आता हलकी छाटणी, खत आणि नियमित पाणी. पिठ्या ढेकूण पुन्हा दिसला तर आधी मुंग्या शोधा, कारण त्याच त्याला फांदीफांदीवर पोचवतात आणि त्याच्या भक्षकांना हाकलतात. कुंडी पाण्याच्या थाळीतल्या विटेवर ठेवली की मुंग्यांची वाट बंद होते. वीट मात्र पाण्याच्या वर राहायला हवी, कुंडीचा तळ भिजता कामा नये. मग जोरदार धारेने पांढरे पुंजके धुवा आणि संध्याकाळी एक लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि 5 मिली द्रव साबण मिसळून पानांच्या पाठीवर फवारा. सहा-सात दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. एका फवारणीने अंडी मरत नाहीत, म्हणून तिन्ही पूर्ण करा.

अनंत आणि अबोलीला थंडीत फक्त एवढंच: पाणी सकाळी द्या, आणि पूर्वेचा कोरडा वारा सुटला की माती झटकन सुकते तेव्हा वर सुक्या पानांचं आच्छादन घाला.

शेवटी तुम्ही विचारलं आहे की थंडीत झाडांवर टाकायला मागवलेल्या पांढऱ्या न विणलेल्या कापडाचं काय करायचं, परत पाठवू का? पाठवू नका. वाचलेलं अ‍ॅडेनियम या आठवड्यात पूर्वेच्या बाल्कनीतून गच्चीवर येईल, तेव्हा दुपारी अकरा ते तीन त्याच्यावर ते कापड एकेरी, सैल टाका. दहा दिवसांनी काढा. मग घडी करून ठेवा, एप्रिलच्या उन्हात जास्वंदीला लागेल.